बॉल हिसकावणारा गडी आणि त्याच्यामागची मोकळी जागा

फुटबॉल मॅनेजर हा टीम सांभाळायचा कॉम्प्युटर गेम खेळणाऱ्या सातारा-सांगलीकडच्या वाचकांचे प्रश्न या वेळी एकाच रोलभोवती फिरणारे आहेत: बॉल-विनिंग मिडफिल्डर, म्हणजे गेममध्ये सगळे ज्याला बीडब्ल्यूएम म्हणतात तो. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. उत्तरं २०२४ च्या आवृत्तीला धरून आहेत. २०२५ ची आवृत्ती कंपनीने रद्दच केली, त्यामुळे बरेच जण अजून २०२४ वरच आहेत. २०२६ वाल्यांसाठी शेवटी थोडं लिहिलं आहे.

४-२-३-१ खेळतो. दोन्ही डिफेन्सिव्ह मिडफिल्डर बीडब्ल्यूएम ठेवलेत, दोघांचंही टॅकलिंग (बॉल हिसकावण्याचा गुण, २० पैकी) १५ च्या वर. मेंटॅलिटी (टीमचा एकूण पवित्रा) अटॅकिंग. तरी गोल खातोय ते मधूनच. असं का?
— वाचक, कराड

दोघांनाही एकच काम दिलंय, म्हणून. नावावरून वाटतं की हा गडी बचावफळीपुढे भिंत घालून उभा राहील. गेममध्ये तो नेमका उलटा वागतो. या रोलला दोन सूचना जन्मतःच चिकटलेल्या आहेत: जास्त वेळा प्रेस कर (बॉलवाल्याच्या अंगावर धावून जा) आणि टॅकल जोरात कर. त्या तुम्हाला काढता येत नाहीत. म्हणजे बॉल जिथे, तिथे हा. जागा राखणं त्याच्या यादीत फार खाली आहे.

खाल्लेला एखादा गोल परत लावून बघा, पण शेवटच्या फटक्यापासून नको. पंधरा-वीस सेकंद मागे जा, कॅमेरा २डी क्लासिकवर ठेवा आणि बॉलकडे न बघता तुमच्या दोन मिडफिल्डरांच्या ठिपक्यांकडे बघा. बहुतेक वेळा असं दिसतं: समोरचा दहा नंबरवाला (स्ट्रायकरच्या मागे खेळणारा) तुमच्या उजव्या अंगाला पाठ करून बॉल घ्यायला येतो. उजवा बीडब्ल्यूएम त्याच्यावर धावतो. दहा नंबरवाला एका टचमध्ये बॉल मागे देऊन मोकळा होतो. आता बॉल त्यांच्या मागच्या मिडफिल्डरकडे. तुमच्या डाव्याने या क्षणी मध्ये सरकून जागा भरायला हवी, पण तोही बीडब्ल्यूएम, तोही बॉलवर सुटतो. तिसरा पास येतो तुमच्या दोन सेंटर-बॅकच्या (मधल्या बचावपटूंच्या) पुढच्या रिकाम्या चौकात. तिथे जायला एका सेंटर-बॅकला ओळ मोडावी लागते आणि त्याच्या पाठीमागून स्ट्रायकर पळतो. या सगळ्यात टॅकल एकही चुकलेला नाही, कारण टॅकल करायची वेळच आली नाही. म्हणून १५ चा आकडा कामाला आला नाही.

कबड्डी बघणाऱ्याला हे लगेच कळेल. कोपऱ्याने घोट्यावर झेप घेतली की कव्हरने त्याच श्वासात आत यायचं असतं. दोन्ही कोपरे एकदम झेपावले आणि कव्हर जागेवर नसेल, तर चढाईवाला चालत रेषेवर जातो.

आता दुरुस्ती, याच क्रमाने करा. पहिलं, दोघांतला एकच बीडब्ल्यूएम ठेवा. दुसऱ्याला डिफेन्सिव्ह मिडफिल्डर डिफेंड ड्युटीवर (ड्युटी म्हणजे त्या रोलने किती मागे-पुढे खेळायचं ते: डिफेंड, सपोर्ट की अटॅक) किंवा अँकर करा. अँकर जागा जवळजवळ सोडतच नाही, मात्र पुढे पासही फारसा देत नाही. तुमचा दहा नंबर खाली येऊन बॉल घेणारा असेल तर अँकर, नसेल तर डिफेन्सिव्ह मिडफिल्डर. दुसरं, फुल-बॅक, म्हणजे कडेचे बचावपटू. बीडब्ल्यूएम ज्या बाजूला, त्या बाजूचा फुल-बॅक अटॅक ड्युटीवर नको. त्याला फुल-बॅक सपोर्ट करा, फार गळत असेल तर डिफेंड. पुढे पळणारा विंग-बॅक जागा राखणाऱ्याच्या बाजूला टाका. तिसरं, मेंटॅलिटी एक पायरी खाली, पॉझिटिव्हवर. अटॅकिंगमध्ये सगळी टीमच जास्त प्रेस करते आणि वर चढते, म्हणजे भोक आधीच होतं, ते तुम्ही रुंद केलंत.

एकावेळी एकच बदल आणि त्यावर निदान तीन सामने. तिन्ही एकदम बदलले तर सुधारलं कशाने ते कळणार नाही, आणि पुढच्या वेळी बिघडल्यावर परत अंधारात चाचपडाल.

बीडब्ल्यूएम डीएमच्या (डिफेन्सिव्ह मिडफिल्डर) ओळीत ठेवावा की सीएमच्या (सेंट्रल मिडफिल्डर)? आणि डिफेंड की सपोर्ट? दोघांच्या मधल्या फळीत तो चालतो का?
— वाचक, मिरज

आमचं स्पष्ट मत: त्याची सगळ्यात चांगली जागा तिघांच्या मधल्या फळीत, सीएमच्या ओळीत, सपोर्ट ड्युटीवर. त्याच्यामागे डीएममध्ये कुणीतरी ठाण मांडून बसलेला हवा. इथून तो प्रेस सुरू करतो तेव्हा आधीच दहा-पंधरा मीटर वर असतो. बॉल मिळाला तर समोर गोल जवळ, नाही मिळाला तर मागे एक माणूस शिल्लक.

प्रशिक्षक अँचेलॉटींची मिलान आठवा. गात्तुसो उजवीकडे धावायचा, पिर्लो तळाशी बसून खेळ फिरवायचा, सीडॉर्फ डावीकडून पुढे सरकायचा. या तिघांना धरून मिलानने २००३ आणि २००७ ला चॅम्पियन्स लीग नेली. गेमच्या भाषेत लिहायचं तर डीएममध्ये डीप-लाइंग प्लेमेकर डिफेंडवर, उजव्या सीएमला बीडब्ल्यूएम सपोर्टवर आणि डाव्या सीएमला मेझाला (बाहेरच्या बाजूला सरकत पुढे जाणारा) किंवा साधा सेंट्रल मिडफिल्डर. ४-३-३ मध्ये ही मांडणी थेट बसते. मेझालाच्या बाजूचा फुल-बॅक मात्र सबुरीने खेळणारा ठेवा, मेझाला बाहेर सरकतो आणि मागची जागा उघडी पडते.

दोघांच्या फळीतही तो चालतो, पण सोबती नीट निवडावा लागतो. २०१५-१६ ला लेस्टर इंग्लंडची प्रीमियर लीग जिंकली तेव्हा ४-४-२ मध्ये कांतेच्या शेजारी ड्रिंकवॉटर होता. तो जागा धरायचा आणि लांब पास द्यायचा. शिवाय पूर्ण टीम खाली आणि अरुंद उभी असायची, त्यामुळे कांते सुटला तरी मागे मैदान उघडं पडत नव्हतं. पुढच्या वर्षी कांते चेल्सीत गेला, चेल्सी चॅम्पियन झाली आणि लेस्टर १२ वी. गेममध्ये हे उतरवायचं तर बीडब्ल्यूएम सपोर्टच्या जोडीला डीप-लाइंग प्लेमेकर डिफेंड किंवा सेंट्रल मिडफिल्डर डिफेंड, आणि डिफेन्सिव्ह लाइन (बचावफळी किती वर उभी राहते ते) स्टँडर्ड किंवा त्याखाली.

टाळायची जागा एकच: डीएमच्या ओळीत एकटा बीडब्ल्यूएम. ४-१-४-१ मध्ये त्याला एकट्याला तिथे उभं केलं की राखणदार स्वतःच चोरामागे पळणार आणि दार सताड उघडं. तिथेच वापरायचा हट्ट असेल तर ड्युटी डिफेंड, आणि दोन्ही सीएमपैकी एक कॅरिलेरो करा म्हणजे तो बाजूची जागा झाकेल. तरीसुद्धा आम्ही तिथे साधा डिफेन्सिव्ह मिडफिल्डरच घालू.

डिफेंड आणि सपोर्टमधला फरक बॉल आपल्याकडे असताना जास्त कळतो. डिफेंडवाला मागे राहतो, सपोर्टवाला हल्ल्याच्या दुसऱ्या लाटेत येतो. धावून अंगावर जाण्याची खोड दोघांतही सारखीच.

विकत घेताना कोणते आकडे बघू? टॅकलिंग १६ चा घेतला, पण तो कायम उशिरा पोहोचतो.
— वाचक, विटा

टॅकलिंग म्हणजे पोहोचल्यावर काय होणार ते. आधी पोहोचायचं असतं, आणि ते काम अँटिसिपेशन, वर्क रेट आणि अॅक्सिलरेशनचं. गड्याने समोरच्याचा पास ओळखला नाही तर १६ चं टॅकलिंग घेऊन तो बॉल गेल्यावर पोहोचतो, आणि मग पायावर लाथ. पैलवानाचा पट कितीही घट्ट असला तरी वेळ चुकली की तोच खाली सापडतो, तसंच हे.

गेम या रोलसाठी ठळक दाखवतो ते गुण: टॅकलिंग, अॅग्रेशन, अँटिसिपेशन, टीमवर्क, वर्क रेट, स्टॅमिना. आमच्या क्रमाने बघाल तर आधी अँटिसिपेशन आणि वर्क रेट, मग टॅकलिंग आणि स्टॅमिना. ब्रेव्हरी चांगली असेल तर पन्नास-पन्नासच्या बॉलमध्ये तो पाय मागे घेत नाही. अॅग्रेशन जितकं जास्त तितकं बरं, हा गैरसमज. अॅग्रेशन आणि डिसिजन्स नेहमी जोडीने वाचा. अॅग्रेशन १७ आणि डिसिजन्स ९ असा गडी स्वस्तात मिळतो, आणि स्वस्तात का मिळतो ते तिसऱ्या सामन्यात कळतं. अॅग्रेशन १३, डिसिजन्स १३ वाला त्याच्यापेक्षा केव्हाही बरा.

आकडा किती हवा याचं एक उत्तर नाही, लीगवर आहे. दुसऱ्या-तिसऱ्या पातळीच्या लीगमध्ये १२ चं अँटिसिपेशन राजा असतं, प्रीमियर लीगमध्ये तेच हमाली करतं. ढोबळ नियम म्हणून आपल्या लीगमधल्या पाच-सहा टीमचे मिडफिल्डर उघडून त्यांच्याशी तुलना करा. ठळक सहा गुणांपैकी चारांत तुमचा गडी त्यांच्या वरच्या तिघा-चौघांत बसला पाहिजे.

आणि ट्रेट्स, म्हणजे खेळाडूच्या अंगवळणी पडलेल्या सवयी, वाचायला विसरू नका. ‘टॅकलमध्ये उडी घेतो’ असा ट्रेट या रोलवर म्हणजे आगीत तेल. ‘संधी मिळेल तेव्हा पुढे जातो’ हाही नको, कारण मग तो बॉल नसतानाही जागेवर नाही आणि असतानाही नाही. ‘छोटे, सोपे पास देतो’ दिसला तर मात्र दोन पैसे जास्त मोजायला हरकत नाही.

दर तिसऱ्या सामन्यात पिवळं कार्ड. अर्ध्या हंगामात बंदी ठरलेली. रोल सोडून द्यावा का?
— वाचक, फलटण

रोल ठेवा, भोवतालच्या सूचना तपासा. टीमच्या सूचनांत ‘गेट स्टक इन’ (सगळ्यांनी जोरात टॅकल करा) चालू आहे का, ते पहिल्यांदा बघा. बीडब्ल्यूएमला जोरात टॅकल करायची सूचना मुळातच आहे, त्यावर टीमचीही तीच चढवली तर अकराच्या अकरा जण कार्डांच्या वाटेवर. ती काढून टाका. ऑपोझिशन इन्स्ट्रक्शन्समध्ये (समोरच्या खेळाडूंसाठीच्या सूचनांत) एखाद्या ड्रिब्लरवर हार्ड टॅकल लावलाय का, तेही बघा. असिस्टंटवर सोपवलं असेल तर तो तुम्हाला न विचारता लावून बसतो, आणि तुमचा बीडब्ल्यूएम त्याच ड्रिब्लरच्या समोर पडतो.

मग फाउल कुठे होतात ते पाहा. सामना संपल्यावर विश्लेषणात जाऊन फाउलच्या खुणा मैदानावर दिसतात. त्या मधल्या रेषेच्या आसपास असतील तर घाबरू नका, तिथला फाउल बऱ्याचदा उपयोगाचाच. खुणा तुमच्या बॉक्सच्या पुढच्या पंचवीस मीटरमध्ये साठल्या असतील तर अडचण आहे: टीम फार खाली बसते आहे आणि गड्याला शेवटच्या क्षणी पाय घालावा लागतो आहे. लाइन ऑफ एंगेजमेंट (टीम कुठून प्रेस सुरू करते ती रेषा) एक पायरी वर घ्या. तेच टॅकल पुढे सरकतील, आणि तिथे पंचही जरा सैल असतो, कारण गोलची संधी मोडलेली नसते.

आता सामना चालू असताना पिवळं मिळालं तर. लोक ‘ईझ ऑफ टॅकल्स’ (टॅकल सांभाळून कर) शोधत बसतात, पण बीडब्ल्यूएमला जोरदार टॅकलची सूचना कुलूपबंद असल्यामुळे ती देता येत नाही. रोलच बदलावा लागतो. सीएममध्ये असेल तर सेंट्रल मिडफिल्डर डिफेंड, डीएममध्ये असेल तर डिफेन्सिव्ह मिडफिल्डर डिफेंड, आणि मग त्याला ईझ ऑफ टॅकल्स द्या. हा बदल खेळ थांबायची वाट न बघता करता येतो, त्यात बदली खेळाडू खर्च होत नाही. पहिल्या अर्ध्या तासात पिवळं आणि समोर वेगवान ड्रिब्लर असेल, तर मध्यंतराला सरळ बाहेर काढा. साठाव्या मिनिटापर्यंत ताणायचं म्हणून ताणू नका, लाल कार्ड पंचावन्नाव्यालाच येतं.

बंदीचा हिशोब आधीच मांडून ठेवा. प्रीमियर लीगमध्ये पहिल्या १९ सामन्यांत पाच पिवळी झाली की एक सामना बाहेर, ३२ पर्यंत दहा झाली की दोन सामने, १५ झाली की तीन. तुमच्या लीगचा नियम स्पर्धेच्या नियमांच्या पानावर असतो. चार पिवळी झालेला गडी मोठ्या सामन्याच्या आधीच्या साध्या सामन्यात बसवायचा की खेळवायचा, हा निर्णय त्या पानावर बघून घ्यायचा असतो, अंदाजाने नव्हे. प्रत्यक्ष फुटबॉलमध्येही हे टळत नाही. फुलहॅमचा पालिन्या लीगमध्ये सगळ्यात जास्त टॅकल करायचा तेव्हा पिवळ्या कार्डांतही वरच्या रांगेतच होता.

‘टॅकलमध्ये उडी घेतो’ हा ट्रेट असेल तर ट्रेनिंगमध्ये तो विसरायला लावता येतो. काही महिने जातात. तरुण गडी ऐकतो, तिशीच्या पुढचा बऱ्याचदा ‘मी असाच खेळत आलोय’ म्हणून नकार देतो.

बॉल जिंकतो आणि दोन सेकंदांत परत देऊन बसतो. पासिंग ९. पासिंगचं ट्रेनिंग लावू का?
— वाचक, वाई

लावा, पण त्याची वाट बघत बसू नका. ९ चे ११ व्हायला हंगाम जाईल. पास देणाऱ्याच्या आधी घेणारा बघा.

बॉल हिसकावला त्या क्षणी खेळ थांबवा आणि त्याच्या ठिपक्याभोवती डोळ्यांनी पंधरा मीटरचं रिंगण घाला. त्यात तुमचे किती जण आहेत? पुढे पळालेले विंगर, वर चढलेले फुल-बॅक आणि बॉक्समध्ये उभा स्ट्रायकर असं चित्र असेल तर आतमध्ये कुणीच नसतो, आणि ९ पासिंगवाल्याला तीस मीटरचा पास मारावा लागतो. तिथे १४ पासिंगवालाही चुकला असता.

रिंगणात एक माणूस आणायचे दोन सोपे मार्ग. प्लेमेकर रोलवाल्यांकडे बाकीचे आपोआप बॉल देतात, म्हणून डीप-लाइंग प्लेमेकर किंवा अॅडव्हान्स्ड प्लेमेकर बीडब्ल्यूएमच्या लगतच्या जागेवर ठेवा, मैदानाच्या दुसऱ्या टोकाला नको. नाहीतर पुढे डीप-लाइंग फॉरवर्ड खेळवा, तो खाली येऊन पहिला पास घेतो. सगळ्यात वर अॅडव्हान्स्ड फॉरवर्ड आणि त्याच्यामागे शॅडो स्ट्रायकर, असे दोन्ही पळणारे ठेवले तर बीडब्ल्यूएमला तोंडावर कुणी सापडत नाही.

त्याच्या वैयक्तिक सूचनांत छोटे पास आणि कमी जोखीम या दोन लावा. टीमच्या ट्रान्झिशनमध्ये (बॉल मिळण्या-गमावण्याच्या क्षणाच्या सूचनांत) ‘काउंटर’ चालू असेल तर बॉल मिळताक्षणी सगळे पुढे पळतात, म्हणजे रिंगण अजून रिकामं. वेगवान स्ट्रायकर नसेल तर ते बंद करून पाहा. टेम्पो एक पायरी खाली आणला तरी फरक जाणवतो. आणि विकत घेताना पासिंगपेक्षा फर्स्ट टच आणि कम्पोजर बघा. गर्दीत बॉल पायाखाली ठेवून दोन मीटरवर देता आला, की काम झालं.

सामन्यात आठ टॅकल करतो, तरी रेटिंग ६.७. चांगला म्हणू की वाईट?
— वाचक, सांगली

रेटिंगवरून या रोलचं मोल करू नका. गोल, असिस्ट, संधी तयार करणं यांनी रेटिंग झपाट्याने चढतं, आणि ही कामं त्याची नाहीत. ६.७ ते ६.९ मध्ये रेंगाळणारा बीडब्ल्यूएम पुष्कळदा आपलं काम करत असतो.

टॅकलचा नुसता आकडाही फसवा. सामनाभर बॉल समोरच्यांकडे असेल तर कुणाचेही टॅकल वाढतात. हे चार स्तंभ शेजारी लावून बघा: दर ९० मिनिटांना बॉल किती वेळा मिळवला, किती वेळा गमावला, टॅकल यशाची टक्केवारी आणि फाउल. त्यात इंटरसेप्शन जोडा. टॅकल जास्त आणि इंटरसेप्शन नगण्य असतील तर गडी खेळ वाचत नाही, बॉलमागे पळतो. दोन्ही बरोबरीने असतील तर सोनं. केलेले प्रेस आणि यशस्वी प्रेस असे दोन आकडेही मिळतात. केलेले खूप आणि यशस्वी अगदी थोडे असतील तर दोष बहुधा त्याचा एकट्याचा नसतो, त्याच्यासोबत पुढची फळी प्रेसच करत नाही. एकटा माणूस धावतो आणि बाकीचे बघे, म्हणजे समोरचे त्याच्याभोवती पास फिरवतात.

अशा वेळी स्ट्रायकरला प्रेसिंग फॉरवर्ड करा आणि मग पुन्हा तेच आकडे बघा.

छोटी टीम आहे. मोठ्या टीमविरुद्ध त्याला त्यांच्या प्लेमेकरवर चिकटवून ठेवू का?
— वाचक, तासगाव

मॅन-मार्किंग देता येतं, पण प्लेमेकर कुठे फिरतो ते आधी बघा. तो स्वतःच्या सेंटर-बॅकच्या पायाशी जाऊन बॉल घेणारा असेल तर तुमचा गडी त्याच्यामागे थेट त्यांच्या हद्दीत जातो आणि मधली फळी दोघांवर येते. तुमच्या बॉक्सपुढे खेळणारा दहा नंबर असेल तर मात्र जरूर चिकटवा.

मोठ्या टीमपुढे आम्ही लो ब्लॉकमध्ये (सगळी टीम आपल्या बॉक्सजवळ खाली बसवून) हा रोल शक्यतो वापरतच नाही. खाली बसायचं ठरवलं तर शिस्तीने बसावं. एकाने ओळ सोडून धावायचं आणि दहांनी उभं राहायचं, हे दोन घोड्यांवर पाय ठेवणं झालं. मिड ब्लॉक (टीम मैदानाच्या मध्यावर) ठेवणार असाल, तरच.

फेब्रुवारीनंतर त्याचा खेळ ढासळतो. दुखापती वाढतात.
— वाचक, कोरेगाव

या रोलइतकं धावणं फार थोड्या रोलना असतं, त्यामुळे हे होणारच. स्टॅमिना आणि नॅचरल फिटनेस दोन्ही १३ च्या खाली असतील तर आठवड्याला दोन सामने त्याला झेपत नाहीत.

सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा आणि ४५ ला धोका. माणसं ४० लाच सामान हलवतात. कंडिशनच्या हृदयाकडे तसंच बघा: हिरवं पिवळ्याकडे झुकलं की बदली तयार ठेवा, नारिंगी दिसल्यावर पळापळ करून उपयोग नाही. साठ ते पासष्टाव्या मिनिटाला बाहेर काढायचा शिरस्ता ठेवा. त्याच गुणांचा दुसरा गडी नसेल तर बदलीवाल्याला जबरदस्तीने बीडब्ल्यूएम करू नका, त्याचा स्वतःचा रोल द्या आणि टीमचा प्रेस एक पायरी खाली घ्या. सततच्या प्रेसमुळे अख्खी टीम थकते आहे का, तेही तपासा. ट्रिगर प्रेस (टीमने किती वेळा प्रेस करायचं ती सूचना) सगळ्यात वरच्या पायरीवर ठेवून हंगाम काढायला तेवढी खोल टीम लागते.

मोबाइलवर खेळतो. हेच सगळं लागू पडतं का?
— वाचक, जत

जोडी आणि जागेचा भाग तसाच लागू. गुणांची यादी मोबाइलवर आखूड असते आणि सूचनाही कमी, त्यामुळे टॅकलिंग, अॅग्रेशन, टीमवर्क, स्टॅमिना एवढं बघून निवडा आणि बाकी भार शेजारच्या रोलवर टाका. दोन बीडब्ल्यूएम तिथेही नकोत.

२०२६ मध्ये ड्युटीच नाहीत. आता काय करायचं?
— वाचक, सातारा

नव्या आवृत्तीत डिफेंड, सपोर्ट, अटॅक हे गेलं, पण या रोलच्या दृष्टीने सोय वाढलीच. बॉल आपल्याकडे असताना एक रोल आणि नसताना दुसरा, असं प्रत्येकाला वेगळं देता येतं, मांडणीही दोन वेगळ्या. म्हणजे बॉल नसताना अंगावर जाणारा आणि बॉल असताना गुपचूप मागे राहून सोपा पास देणारा, असा एकच माणूस तयार करता येतो. जुन्या आवृत्तीत याच दोन कामांची ओढाताण व्हायची.

जुनी टॅक्टिक आठवून तशीच उतरवायला जाऊ नका. आधी बॉल नसतानाची मांडणी कागदावर काढा आणि प्रेस करणाऱ्याभोवती वर्तुळ काढा. त्याच्यापासून बाण काढा, तो बॉलवर धावला तर जाईल कुठे तो. मग त्याच्या मूळ जागेवर बोट ठेवा. बोटाच्या सगळ्यात जवळचा जो गडी, त्याला त्या मांडणीत जागा धरून ठेवणारा रोल द्या. तो फुल-बॅक निघाला तर मिडफिल्डमधला एक जण जवळ ओढून घ्या, कारण फुल-बॅक आत आला की बाहेरचा विंगर मोकळा सुटतो.